दोन लोखंडी जहाजं, चार तास आणि निकाल नाही: हॅम्प्टन रोड्सची लढाई

९ मार्च १८६२च्या दुपारी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्याच्या किनाऱ्याजवळ दोन जहाजं एकमेकांपासून लांब गेली. चार तास त्यांनी एकमेकांवर तोफा डागल्या होत्या, कधीकधी तर अंतर इतकं कमी की जहाजं एकमेकांना घासत होती, आणि एवढं होऊन दोन्हीपैकी एकाही जहाजावर एकही माणूस मेला नाही. दोन्ही बाजूंनी सांगितलं की आम्ही जिंकलो. आज दीडशेपेक्षा जास्त वर्षं झाली तरी या लढाईच्या निकालापुढे 'अनिर्णित' असंच लिहिलेलं असतं.

हे 'अनिर्णित' म्हणजे नक्की काय असतं? आपण वाचतो आणि पुढे जातो, जणू काही घडलंच नाही. मला वाटतं या एका लढाईत ते खूप छान समजतं, कारण इथे बरोबरी का झाली हे अगदी लोखंडाच्या जाडीपासून आणि तोफेत भरलेल्या दारूच्या वजनापासून सांगता येतं.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. अमेरिकेचं यादवी युद्ध एप्रिल १८६१मध्ये सुरू झालं, गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं एका बाजूला आणि अध्यक्ष लिंकनचं उत्तरेकडचं सरकार दुसऱ्या बाजूला. दक्षिणेकडे कापूस होता पण कारखाने फारच कमी. बंदुका, यंत्रं, औषधं सगळं युरोपातून आणायचं आणि त्याचे पैसे कापूस विकून द्यायचे, म्हणजे समुद्र उघडा असणं हा त्यांचा श्वास होता. लिंकनने युद्धाच्या पहिल्याच महिन्यात तोच आवळायचं ठरवलं, साडेतीन हजार मैलांच्या किनाऱ्याची नाकाबंदी जाहीर केली. सुरुवातीला तेवढी जहाजंच नव्हती, पण हळूहळू फास बसायला लागला.

हॅम्प्टन रोड्स या नावात रस्ता नाहीये बरं का. जहाजांना नांगर टाकून सुरक्षित थांबता येईल अशा पाण्याला जुन्या इंग्रजीत रोड्स म्हणायचे. जेम्स, नॅन्समंड आणि एलिझाबेथ या तीन नद्या इथे एकत्र येतात आणि पाणी पुढे चेसापीक उपसागरात जातं. एलिझाबेथ नदीवर नॉरफोक बंदर, ते दक्षिणेच्या ताब्यात. जेम्स नदीने वर गेलं की रिचमंड, दक्षिणेची राजधानी. आणि तोंडाशी उत्तरेची लाकडी जहाजं नांगर टाकून बसलेली. घराच्या दारातच कोणी खाट टाकून बसावं तसं.

आता पहिलं जहाज. नॉरफोकजवळ अमेरिकन नौदलाचा मोठा गोदीवाडा होता. एप्रिल १८६१मध्ये तो हातातून जाणार असं दिसल्यावर उत्तरेच्या लोकांनी घाईघाईत जहाजं पेटवली, बुडवली आणि पळाले. त्यात मेरिमॅक नावाचं ४० तोफांचं वाफेवर चालणारं जहाज होतं, ते पाण्याच्या रेषेपर्यंत जळलं आणि बुडालं. पण खालचा सांगाडा आणि इंजिन वाचलं, शिवाय गोदीतल्या हजाराच्या वर तोफा दक्षिणेला फुकटात मिळाल्या. दक्षिणेचा नौदलमंत्री स्टीफन मॅलरी, त्याचा हिशोब सरळ होता. उत्तरेइतकी जहाजं आपण कधीच बांधू शकणार नाही, तर मग असं एक बांधू की ज्याला शंभर लाकडी जहाजं काही करू शकणार नाहीत. त्यांनी मेरिमॅक वर काढलं, जळालेला भाग कापला आणि वर उतरत्या छपरासारखं घर बांधलं, दोन फूट जाड ओक आणि पाइनचं लाकूड, त्यावर दोन-दोन इंचांचे लोखंडी पत्र्यांचे दोन थर. लोखंड आणायचं कुठून? रिचमंडच्या ट्रेडेगर कारखान्यात रेल्वेचे रूळसुद्धा वितळवून पत्रे काढले. भिंती तिरप्या ठेवल्या म्हणजे गोळा आदळला तर घसरून वर जाईल, आणि त्यावर आणखी चरबी चोपडली. दहा तोफा, आणि पुढच्या टोकाला पाण्याखाली दीड हजार पौंडांचं लोखंडी शिंग, धडक द्यायला. नवीन नाव ठेवलं व्हर्जिनिया (बरेच लोक आजही मेरिमॅकच म्हणतात).

पण इंजिन तेच जुनं, जे युद्धाच्या आधीच दुरुस्तीला काढायचं ठरलं होतं, आणि वर काही महिने खाऱ्या पाण्यात बुडून राहिलेलं. जहाज पाण्याखाली २२ फूट खोल जायचं, वेग जेमतेम पाच-सहा नॉट, आणि वळायला अर्धा-पाऊण तास लागायचा. ही २२ फुटांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे तीच आडवी येणार आहे.

उत्तरेला ही बातमी लपून राहिली नाही. त्यांनीही चिलखती जहाजांसाठी डिझाइन मागवली आणि त्यात जॉन एरिक्सन नावाच्या मूळच्या स्वीडिश इंजिनिअरचं डिझाइन आलं. एरिक्सन आणि अमेरिकन नौदल यांचं आधीच बिनसलेलं होतं. १८४४मध्ये प्रिन्स्टन नावाच्या जहाजावर पाहुण्यांसमोर तोफ उडवून दाखवताना ती फुटली, परराष्ट्रमंत्री आणि नौदलमंत्री दोघंही त्यात गेले. जहाज एरिक्सनचं होतं, फुटलेली तोफ त्याची नव्हती, ती जहाजाच्या कॅप्टनने बनवून घेतलेली, पण दोष एरिक्सनच्या माथी आला आणि तो पुढे कित्येक वर्षं नौदलापासून लांबच राहिला. अशा माणसाकडे परत जायला लागलं यावरून उत्तरेची घाई कळते. ऑक्टोबर १८६१ला करार झाला, १०० दिवसांत जहाज द्यायचं. ब्रुकलिनच्या ग्रीनपॉइंटमध्ये ते बांधलं आणि ३० जानेवारी १८६२ला पाण्यात सोडलंसुद्धा. किंमत २ लाख ७५ हजार डॉलर, नाव मॉनिटर.

असं जहाज तोपर्यंत कोणी बघितलंच नव्हतं. डोलकाठ्या नाहीत, शिडं नाहीत, कडेला तोफांच्या रांगा नाहीत. पाण्यावर दीड फूट वर दिसणारा सपाट लोखंडी डेक आणि मधोमध एक गोल डबा. लोक म्हणायचे तराफ्यावर चीजचा डबा ठेवलाय. तो डबा म्हणजेच खरा शोध. २० फूट व्यास, ९ फूट उंची, एक-एक इंचाचे आठ थर म्हणजे आठ इंच लोखंड, आत दोनच तोफा पण ११ इंच तोंडाच्या, आणि अख्खा डबा वाफेच्या इंजिनाने गोल फिरायचा. म्हणजे बघा, आतापर्यंत तोफ रोखायची तर अख्खं जहाज वळवायला लागायचं, आता जहाज कुठेही तोंड करून असो, तोफ फिरवा आणि मारा. आणि मॉनिटर पाण्याखाली फक्त साडेदहा फूट जायचं, व्हर्जिनियाच्या निम्म्याहून कमी.

८ मार्चचा शनिवार. हॅम्प्टन रोड्समधल्या उत्तरेच्या जहाजांवर धुण्याचा दिवस होता, दोरखंडांवर खलाशांचे कपडे वाळत होते. दुपारी एलिझाबेथ नदीतून काळा धूर दिसला आणि काहीतरी छपरासारखं हळूहळू येताना दिसलं. व्हर्जिनियाचा कॅप्टन होता फ्रँकलिन ब्युकॅनन. त्याचं जहाज उत्तरेच्या कंबरलँड नावाच्या लाकडी जहाजावर सरळ गेलं, वाटेत काँग्रेस नावाच्या दुसऱ्या जहाजाने आणि कंबरलँडने मारलेले गोळे छपरावरून उसळून जात होते, आणि ते शिंग कंबरलँडच्या पोटात घुसलं. भोक एवढं मोठं की जहाज तिथेच बुडायला लागलं आणि शिंग अडकल्यामुळे व्हर्जिनियालाही खाली ओढायला लागलं, शेवटी शिंग तुटलं तेव्हा ते सुटलं. कंबरलँडला शरण या म्हणून सांगितलं, ते आले नाहीत. पाणी चढत असताना वरच्या डेकवरच्या तोफा चालूच होत्या. १२१ माणसं गेली. तिथे पाणी फार खोल नव्हतं त्यामुळे जहाज तळाला टेकल्यावरही डोलकाठीचं टोक वर राहिलं, आणि त्यावर झेंडा.

मग काँग्रेस. तिच्या कॅप्टनने कंबरलँडचं बघून आपलं जहाज मुद्दाम उथळ पाण्यात नेऊन रेतीत टेकवलं, व्हर्जिनियाला तिथे येता येणार नव्हतं. पण लांबून तोफा मारता येत होत्याच. तासभर सहन केल्यावर काँग्रेसने पांढरं निशाण लावलं. किनाऱ्यावरच्या उत्तरेच्या सैनिकांनी मात्र गोळीबार थांबवला नाही, ब्युकॅनन चिडला, स्वतः वर डेकवर उभा राहून बंदूक चालवायला लागला, मांडीत गोळी लागून पडला, आणि तापवून लाल केलेले गोळे मारून काँग्रेस पेटवून द्या असा हुकूम दिला. त्याचा सख्खा भाऊ त्या काँग्रेसवर पेमास्तर, म्हणजे पगाराचा हिशोब बघणारा अधिकारी, होता. तो वाचला. साधारण १२० जण नाही वाचले. त्यात जहाजाचा प्रमुख लेफ्टनंट जोसेफ स्मिथ होता, आणि त्याचे वडील कमोडोर जोसेफ स्मिथ हे वॉशिंग्टनमध्ये, ज्या समितीने मॉनिटरचं डिझाइन मंजूर केलं तिचे प्रमुख. काँग्रेसने शरणागती दिली एवढीच बातमी त्यांना कळली तेव्हा ते म्हणाले, म्हणजे माझा 'जो' (जोसेफ) गेला. मुलगा जिवंत असताना निशाण खाली येणार नाही हे त्यांना माहीत होतं. लोक ही लढाई 'यंत्रांची लढाई' म्हणून सांगतात आणि हा पहिला दिवस दोन ओळींत उरकतात, ते मला पटत नाही. पर्ल हार्बरपर्यंत अमेरिकन नौदलाचा यापेक्षा वाईट दिवस झाला नव्हता.

तिसरं जहाज मिनेसोटा मदतीला येताना आधीच रेतीत रुतून बसलं होतं, आयती शिकार. पण ओहोटी लागली होती. २२ फूट. व्हर्जिनिया जवळ जाऊच शकली नाही, म्हणाले उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉशिंग्टनमध्ये तारेने बातम्या पोचल्या तेव्हा युद्धमंत्री स्टँटन खिडकीतून पोटोमॅक नदीकडे बघत होता की हे जहाज आता इथे येऊन व्हाइट हाऊसवर गोळे टाकतं की काय. नौदलमंत्री वेल्स त्याला समजावत होता की एवढं खोल जाणारं जहाज नदीतून वर येऊच शकत नाही. पण इकडे आदल्या रात्रीच नऊच्या सुमाराला, जळत्या काँग्रेसच्या उजेडात, मॉनिटर हॅम्प्टन रोड्समध्ये शिरलं. न्यूयॉर्कहून निघून वाटेत वादळात जवळजवळ बुडून, पाणी उपसत, दोन रात्री धड न झोपलेले साठेक लोक. हुकूम मिळाला की मिनेसोटाशेजारी थांबा आणि तिला वाचवा. मध्यरात्रीच्या आसपास काँग्रेसच्या दारूच्या कोठाराला आग पोचली आणि जहाज फुटलं.

रविवारी सकाळी व्हर्जिनिया मिनेसोटाला संपवायला आली, ब्युकॅनन जखमी म्हणून आता केट्सबी जोन्स प्रमुख. मिनेसोटाच्या मागून तो डबा पुढे आला. मॉनिटरचा कॅप्टन जॉन वर्डन याने सरळ व्हर्जिनियाच्या जवळ नेऊन तोफा सुरू केल्या, आणि मग जे चार तास चाललं ते म्हणजे दोन माणसं एकमेकांना हातोड्याने मारतायत पण दोघांच्याही अंगावर ऐरण बांधलीये असं काहीतरी.

का नाही फुटलं कोणी? इथे खरी गंमत आहे, जरा सावकाश बघू.

व्हर्जिनियाकडे होते बहुतेक फुटणारे गोळे. लाकडी जहाजाविरुद्ध हेच उत्तम, आत घुसून फुटतात, आग लागते. जाड लोखंडावर ते बाहेरच आदळून फुटतात, आतल्या माणसाच्या कानठळ्या बसतात पण भोक पडत नाही. लोखंड फोडायला भरीव, जड गोळा लागतो आणि तो त्यांनी फारसा घेतलाच नव्हता, कारण आज लोखंडी जहाजाशी गाठ पडेल असं आदल्या दिवशीपर्यंत कोणाच्या डोक्यातच नव्हतं. मध्येच जोन्सने एगल्स्टन नावाच्या अधिकाऱ्याला विचारलं की तू तोफ का थांबवलीस, तर तो म्हणाला दारू महाग आहे, आणि दोन तास मारून बघितलं, नुसत्या चुटक्या वाजवल्या तरी तिचं तेवढंच नुकसान होईल.

मॉनिटरकडे भरीव गोळे होते, एकेक दीडशे पौंडांच्या वर. पण गोळ्याचा जोर ठरतो मागे किती दारू भरलीये त्यावर, आणि नौदलाचा कडक नियम होता की या तोफेत १५ पौंडांपेक्षा जास्त दारू भरायची नाही. ती १८४४ची प्रिन्स्टनवरची तोफ फुटलेली आठवते ना, तेव्हापासून नौदल या बाबतीत फार जपून होतं. नंतर चाचण्या घेतल्या तेव्हा कळलं की तीच तोफ ३० पौंड, म्हणजे दुप्पट दारू आरामात सोसते. १५ पौंडांच्या जोरावर व्हर्जिनियाचे पत्रे तडकले, मागचं लाकूड दबलं, पण आरपार काही गेलं नाही. ज्या अपघाताने एरिक्सनला अठरा वर्षं मागे टाकलं त्याच अपघाताने त्याच्या जहाजाचे हातही बांधले, हे मला फार चटका लावणारं वाटतं.

त्यात डब्याच्या तक्रारी. वाटेतल्या खाऱ्या पाण्याने फिरवायची यंत्रणा गंजली होती, सुरू करायला जड, आणि एकदा फिरायला लागला की नेमका थांबवायला त्याहून जड. शेवटी त्यांनी थांबवायचा नाद सोडला, डबा फिरता ठेवायचा आणि शत्रू समोर दिसला की त्या क्षणी तोफ उडवायची. आत अंधार, धूर, डावं कुठे उजवं कुठे कळेना, खाली डेकवर खडूने खुणा केल्या होत्या त्या पुसल्या गेल्या. कॅप्टन वर्डन बसला होता पुढच्या टोकाला सुकाणूच्या छोट्या लोखंडी खोलीत आणि तोफा मध्ये डब्यात, दोघांमध्ये बोलायची नळी होती ती सुरुवातीलाच तुटली, मग निरोप घेऊन पळायला लावलं कारकुनाला आणि पेमास्तरला. त्यात ती खोली तोफेच्या वाटेत, म्हणजे सरळ पुढे मारायची सोय नाही. एकेका गोळ्याला सात-आठ मिनिटं लागत होती.

आणि एक संधी हुकली. दोन दिवस कोळसा जाळून आणि गोळे मारून व्हर्जिनिया हलकी झाली होती, पाण्यात जरा वर उचलली गेली होती, आणि तिच्या चिलखताची खालची कड पाण्याच्या रेषेजवळ आली होती. त्या कडेखाली नुसतं लाकूड. तिथे दोन गोळे नीट बसले असते तर कदाचित आज निकालाच्या रकान्यात वेगळं काही असतं. पण मॉनिटरवाल्यांना ते माहीत नव्हतं, ते छपरावरच मारत राहिले. मधे व्हर्जिनिया रेतीत रुतली, बॉयलर फुटतील की काय इतकी वाफ कोंडून कशीबशी निघाली. मग धडक द्यायचा प्रयत्न केला, तर शिंग आदल्या दिवशीच तुटलेलं, उलट तिचंच पुढचं टोक आणखी गळायला लागलं.

दुपारच्या सुमाराला व्हर्जिनियाचा एक गोळा अगदी जवळून मॉनिटरच्या सुकाणूच्या खोलीवर फुटला. बघायच्या फटीतून दारूची धग आणि लोखंडाचा चुरा वर्डनच्या डोळ्यांत गेला, तो आंधळाच झाला (पुढे एका डोळ्याची दृष्टी परत आली, चेहऱ्यावर काळे डाग जन्मभर राहिले). जहाज आता कोण चालवतंय हे ठरेपर्यंत मॉनिटर उथळ पाण्याकडे सरकलं. जोन्सला वाटलं पळाले. मिनेसोटा समोर होती, पण ओहोटी लागली होती, जहाज गळत होतं, माणसं थकली होती, ते नॉरफोककडे वळले. तेवढ्यात लेफ्टनंट ग्रीनने मॉनिटरची सूत्रं हातात घेऊन तोंड परत फिरवलं तर समोर व्हर्जिनिया जाताना दिसली. त्याला वाटलं पळाले! पाठलाग केला नाही, कारण हुकूम मिनेसोटाला वाचवायचा होता आणि मिनेसोटा वाचली होती.

तर मग कोण जिंकलं? जहाजाला जहाज असं बघितलं तर बरोबरी, यात वाद नाही. पण दोघांना हवं काय होतं ते बघा. व्हर्जिनियाला परिस्थिती बदलायची होती, दारातली खाट उचलून फेकायची होती. मॉनिटरला आहे तसं ठेवायचं होतं. ज्याला आहे तसंच ठेवायचंय त्याला बरोबरी पुरते, नाकाबंदी चालू राहिली. म्हणून बरेच जण म्हणतात की खरा फायदा उत्तरेचा. मला हे बरोबर वाटतं पण अर्धंच. कारण व्हर्जिनिया बुडालेली नव्हती, आणि ती नॉरफोकमध्ये नुसती उभी आहे एवढ्यामुळे पुढचे दोन महिने जेम्स नदी उत्तरेला बंद राहिली. जनरल मॅक्लेलन लाखभर सैन्य घेऊन याच भागातून रिचमंडवर निघाला होता, त्याला त्या नदीचा उपयोग करता येईना. एप्रिल-मेमध्ये व्हर्जिनिया बाहेर येऊन आव्हान द्यायची, मॉनिटरला वरून हुकूम की उगाच लढू नकोस, कारण तिला काही झालं तर मागे कोण? दोघंही एकमेकांना बघत राहिले. न लढताही जहाज काम करतं ते असं.

हा पेच सुटला तो जमिनीवरून. १० मेला नॉरफोक उत्तरेच्या हातात गेलं. व्हर्जिनियाला रिचमंडकडे वर जायचं होतं पण नदी उथळ, वजन उतरवून बघितलं तरी पुरेना, शेवटी ११ मेच्या पहाटे तिच्याच लोकांनी तिला पेटवून उडवून दिलं. २२ फुटांनी शेवटपर्यंत पिच्छा सोडला नाही. मॉनिटर त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला केप हॅटरसजवळ वादळात बुडालं, १६ जण गेले. १९७३मध्ये त्याचा सांगाडा सापडला, तो गोल डबा २००२मध्ये वर काढला तेव्हा आत दोन खलाशांचे अवशेष होते. नावं कळली नाहीत. ८ मार्च २०१३ला आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांचं दफन झालं.

चिलखती जहाजं आधीही होती, फ्रान्सचं ग्लुआर, ब्रिटनचं वॉरियर, पण दोन चिलखती जहाजं एकमेकांशी लढली ती इथे पहिल्यांदा, आणि कंबरलँड-काँग्रेसचं जे झालं ते वाचल्यावर लाकडी युद्धनौकेवर पैसे घालायला कोणी तयार होईना. मॉनिटर हे तर अशा जहाजांच्या जातीचंच नाव होऊन बसलं.

आपल्या मुंबईचा या सगळ्याशी दोन ठिकाणी संबंध येतो. एक बऱ्याच जणांना माहीत असेल, त्या नाकाबंदीमुळे अमेरिकेचा कापूस ब्रिटनमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना म्हणून वऱ्हाड-खानदेश-गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैसा ओतला, कापूस आणि शेअरचा मोठा दलाल प्रेमचंद रायचंद आणि समुद्र भरून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीच्या शेअरचा तो काळ, आणि १८६५मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपल्यावर ते सगळं कोसळलं. एकट्या व्हर्जिनियाने ती नाकाबंदी उठली असती असं मला नाही वाटत, ती उघड्या समुद्रावर टिकलीच नसती, पण नाकाबंदी टिकली म्हणून मुंबईची ती चार वर्षं झाली एवढं खरं.

दुसरं फार कोणी सांगत नाही. १८७०मध्ये ब्रिटनमध्ये मॅग्डाला आणि अ‍ॅबिसिनिया नावाची दोन जहाजं पाण्यात सोडली, खास मुंबई बंदराच्या रक्षणासाठी बांधलेली. डेक पाण्याच्या जवळ, वर लोखंडी चिलखत, आणि दोन-दोन फिरते डबे. मॉनिटरच. तीसेक वर्षं ती मुंबईच्या पाण्यात होती, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोडीत काढली, आणि त्या सगळ्या काळात मुंबईवर समुद्रातून कोणी चालून आलं नाही.